खडा न टोचणारे पाय

चालताना चपलेत बारीक खडा शिरला तर तुम्ही काय करता? दोन पावलांतच थांबता, चप्पल झटकता आणि पुढे चालू लागता. आता अशी कल्पना करा, की तो खडा टोचलाच नाही. मग तुम्ही दिवसभर त्याच्यावर चालत राहाल आणि रात्री पायाला रक्त दिसेल तेव्हा कुठे जखम झाल्याचे कळेल.

बरीच वर्षे मधुमेह असलेल्या काही रुग्णांचे पाय असे बधिर होतात. रक्तातील वाढलेल्या साखरेने मज्जातंतू निकामी होत जातात. जखम कळत नाही, रक्तपुरवठाही कमी असेल तर ती भरत नाही, आणि कधी बोट, तर कधी पाऊलच कापावे लागते. म्हणून अशा रुग्णांना पूर्वी सांगत, ‘चालू नका. व्यायाम हवाच तर पोहा, नाहीतर बसल्या जागी करा.’ सल्ला तर्काला धरून होता, नाही का?

पण बसून राहण्याची किंमतही मोठी असते. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतो. पोटरीचे स्नायू दर पावलाला नीलांना दाबून रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. चालणे थांबले की हे सारे मंदावते. पाय वाचवता वाचवता हृदयाचा धोका वाढावा, हा काही फायद्याचा सौदा नव्हे.

मग जखमा कशाने होतात? वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की त्याच त्या जागी पुनःपुन्हा पडणारा दाब हा खरा शत्रू आहे. दाब पसरवणारे मऊ तळाचे पादत्राण हा त्यावरचा उपाय.

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बधिर पायांच्या ७९ मधुमेही रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला पायांचे व्यायाम देऊन चालणे हळूहळू वाढवायला लावले. वर्षभरात त्यांच्या पायांना दुसऱ्या गटापेक्षा जास्त जखमा झाल्या नाहीत. संख्या लहानच, तरी जुन्या समजुतीला तिने धक्का दिला.

ब्रिटनमध्ये पायांची निगा राखणारे स्वतंत्र तज्ज्ञ असतात. त्यांना पोडिआट्रिस्ट म्हणतात. नखे कापणे, घट्टे तासणे, १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासणे ही त्यांची कामे. रुग्ण त्यांच्याकडे वरचेवर येतो, आणि पाय हातात असताना गप्पाही होतात. त्यामुळे ‘चाला’ असे सांगायला याहून योग्य माणूस कोण? मात्र ते नुसते ‘चाला’ म्हणून सोडत नाहीत. पादत्राण आतून चाचपून मगच घाला, पावले थोडी थोडी वाढवा, रोज रात्री तळवे आरशात पाहा, हेही सांगतात. उघडी जखम असेल तर मात्र ती भरेपर्यंत त्या पायावर भार नाही.

घरात कोणाला मधुमेह आहे? मग इंग्लंडमधील इप्सविच येथे तयार झालेली एक चाचणी करून पाहा. आजोबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच, क्षणभर बोट लावा, दाबू नका. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर त्यांना लवकर डॉक्टरांकडे घेऊन जा.