विश्लेषण : रेकॉर्डवर ज्यांचा फोटोच छापला नाही, ते चार्ली प्राइड कोण होते?

अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचे पहिले कृष्णवर्णीय सुपरस्टार चार्ली प्राइड यांचे शनिवारी, १२ डिसेंबर २०२० रोजी टेक्सासमधील डॅलस येथे करोनामुळे निधन झाले. ते ८६ वर्षांचे होते. महिनाभरापूर्वीच नॅशव्हिलमध्ये ‘कंट्री म्युझिक असोसिएशन’चा जीवनगौरव पुरस्कार त्यांनी स्वीकारला होता. डॉली पार्टनसारख्या दिग्गज गायिकेने जिवलग मित्र गेल्याची भावना व्यक्त केली. बिलबोर्डच्या कंट्री यादीत जवळपास तीस गाणी पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या या गायकाची ओळख मात्र सुरुवातीला श्रोत्यांपासून लपवावी लागली होती. ती का, आणि पुढे काय झाले?

कंट्री म्हणजे नेमके कोणते संगीत?

‘कंट्री’ या शब्दाचा इथला अर्थ देश नव्हे, तर गावाकडचा मुलूख. अमेरिकेच्या दक्षिणेतील शेतमजूर, खाणकामगार, ट्रकचालक यांचे हे संगीत. गिटार, बँजो, फिडल ही वाद्ये आणि सरळ गोष्ट सांगणारी गाणी. घर, प्रेम, दारू, देव आणि लांबची वाट हे त्यातले नेहमीचे विषय. नॅशव्हिल ही त्याची राजधानी आणि ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा तिथला रेडिओ कार्यक्रम म्हणजे या संगीताचे मानाचे व्यासपीठ.

हे संगीत गोऱ्यांचे, असा समज पक्का झाला तो १९२०च्या दशकात. रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतील संगीताचे दोन कप्पे केले. गोऱ्या गायकांच्या रेकॉर्ड ‘हिलबिली’ म्हणून आणि कृष्णवर्णीयांच्या ‘रेस रेकॉर्ड’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. प्रत्यक्षात गावोगावी दोन्हीकडचे वादक एकमेकांची गाणी वाजवत होते. ज्या बँजोशिवाय जुने कंट्री ऐकूच येत नाही, त्याचे मूळ तर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. ऑप्रीच्या पहिल्या काळातील लोकप्रिय कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. त्यामुळे प्राइड कुणा परक्याच्या घरात शिरले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्या घराच्या पायात त्यांच्या पूर्वजांचेही दगड होते, त्या घराच्या दारावर त्यांना ताटकळावे लागले.

कापसाच्या शेतातून नॅशव्हिलपर्यंत कसे पोहोचले?

जन्म १९३४चा, मिसिसिपीतील स्लेज या गावचा. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे, घरात अकरा मुले. वडिलांच्या फिल्को रेडिओवर शनिवारी रात्री ऑप्री लागायची आणि पोरगा हँक विल्यम्सची गाणी घोटायचा. तू त्यांची गाणी का गातोस, असे घरातच विचारले जाई. हे माझेही संगीत आहे, असे तो सांगे. चौदाव्या वर्षी त्याने पहिली गिटार विकत घेतली.

सुटकेची वाट मात्र त्यांना दिसली ती बेसबॉलमध्ये. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने मुख्य लीगमध्ये पाऊल टाकले आणि कापूस वेचण्यातून बाहेर पडता येते, हे तेरा वर्षांच्या चार्लीला उमगले. ते कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये मेम्फिस रेड सॉक्ससाठी खेळले. एका संघाने त्यांना आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या संघाला देऊन मोबदल्यात जुनी बस घेतली. हा किस्सा ते स्वतःच हसत सांगत.

मुख्य लीग काही मिळाली नाही. १९६०च्या सुमारास ते उत्तरेकडील मोंटानात पोहोचले. ईस्ट हेलेना येथील शिसे वितळवण्याच्या कारखान्यात दिवसभर भट्टीजवळ काम, सुट्टीत कारखान्याच्या संघाकडून बेसबॉल. सामन्याआधी मैदानावर गायचे त्यांना वेगळे दहा डॉलर मिळत. तिथेच रेड सोवाइन या कंट्री गायकाने त्यांना ऐकले आणि नॅशव्हिल गाठायला सांगितले.

फोटो का छापला नाही?

१९६५ मध्ये ‘आरसीए’ कंपनीत चेट अ‍ॅटकिन्स यांचा शब्द चाले. असे सांगतात की, त्यांनी प्राइड यांचा ध्वनिमुद्रित आवाज आधी वरिष्ठांना ऐकवला, सगळ्यांनी पसंतीच्या माना डोलावल्या, आणि मग छायाचित्र पुढे ठेवले. करार झाला, पण तो काळ पाहा. मतदान हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी निघालेल्या मोर्चावर लाठ्या पडल्या त्याच वर्षीची ही गोष्ट. जानेवारी १९६६ मध्ये आलेली पहिली रेकॉर्ड रेडिओ केंद्रांकडे गेली ती ‘कंट्री चार्ली प्राइड’ या नावाने आणि फोटोशिवाय. निवेदकांनी आधी आवाज ऐकावा, रंग नंतर कळू दे, असा हिशेब होता. हा हिशेब धूर्तपणाचा होता की भित्रेपणाचा, यावर आजही वाद होतो. दोन्ही होते, असे म्हणायला हरकत नाही.

डेट्रॉइटच्या ऑलिम्पिया स्टेडियममधील कार्यक्रमात या लपवाछपवीचा कस लागला. नाव पुकारताच हजारोंच्या टाळ्या झाल्या. प्राइड मंचावर आले आणि टाळ्या विरत विरत सभागृह चिडीचूप झाले. आपली कातडी जरा कायमचीच रापलेली आहे आणि आपण कंट्री गातो, अशा अर्थाचे काहीतरी ते हसून बोलले आणि गायला लागले. कार्यक्रम संपल्यावर सह्यांसाठी रांग लागली. पुढे बराच काळ त्यांनी हाच विनोद ढालीसारखा वापरला. समोरच्याचा संकोच घालवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच होती, हे त्या हशात सहज विसरले जाते.

यश किती मोठे होते?

१९६७ मध्ये त्यांनी ऑप्रीच्या मंचावर पहिल्यांदा गायन केले. १९७१ मध्ये ‘किस अ‍ॅन एंजल गुड मॉर्निन’ हे गाणे देशभर गाजले आणि त्याच वर्षी ते कंट्री म्युझिक असोसिएशनचे ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ ठरले. सर्वोत्कृष्ट गायकाचा मान सलग दोन वर्षे मिळाला. सत्तरच्या दशकात आरसीएसाठी एल्व्हिस प्रेस्लीनंतर सर्वाधिक रेकॉर्ड खपवणारा गायक म्हणून त्यांचे नाव घेतले जाई. २००० मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. बेली यांना ते स्थान मिळायला २००५ उजाडले, तेही मृत्यूनंतर.

अमेरिकेबाहेरची एक गोष्ट सांगायलाच हवी. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील हिंसाचार पेटला होता. १९७५ मध्ये ‘मायामी शोबँड’च्या तीन कलाकारांना रस्त्यात गाठून ठार करण्यात आले, तेव्हापासून परदेशी कलाकार तिकडे फिरकेनासे झाले. प्राइड १९७६ मध्ये बेलफास्टच्या रिट्झ सिनेमागृहात जाऊन गायले. त्यांचे ‘क्रिस्टल शँडेलियर्स’ हे गाणे अमेरिकेत वेगळी रेकॉर्ड म्हणून आलेही नव्हते. तिकडे मात्र दोन्ही बाजूंच्या लोकांना ते तोंडपाठ झाले. एकाच सभागृहात ते मिळून गात.

त्यांच्यामागून किती जण आले?

इथे गोष्ट अवघड होते. कंट्रीत वर्णभेद नाही, याचा पुरावा म्हणून नॅशव्हिल वर्षानुवर्षे एकच नाव पुढे करत आले: चार्ली प्राइड. त्यांचे शेवटचे अव्वल गाणे १९८३ मधले. त्यानंतर एखाद्या कृष्णवर्णीय एकल गायकाचे गाणे त्या यादीत पहिले यायला २००८ उजाडले. तो गायक डॅरियस रकर. मधल्या पंचवीस वर्षांत कुणी गातच नव्हते असे नाही. रेडिओवर वाजवायचे कुणाला, हे ठरवणारी माणसे बदलली नव्हती. २०१९ मध्ये लिल नास एक्सचे ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने ‘पुरेसे कंट्री नाही’ म्हणत कंट्री यादीतून काढले. तेच गाणे मुख्य यादीत १९ आठवडे अव्वल राहिले.

प्राइड स्वतः या वादात फारसे उतरले नाहीत. ‘पहिला कृष्णवर्णीय’ या बिरुदाला ते कंटाळले होते. रंगापेक्षा गाण्याबद्दल विचारा, असा त्यांचा आग्रह असे. यासाठी त्यांना सौम्य म्हणून नावे ठेवणारेही आहेत. पण १९९४च्या आत्मचरित्रात ज्या माणसाने आपल्या मानसिक आजाराबद्दल मोकळेपणाने लिहिले, त्याला भित्रा म्हणता येणार नाही. मोर्चाचे नेतृत्व हा त्यांचा पिंड नव्हता, इतकेच.

मृत्यूनंतर वाद कशाचा?

११ नोव्हेंबरचा सोहळा बंदिस्त सभागृहात, मर्यादित उपस्थितीत झाला. अनेक जण मास्कविना दिसले. प्राइड यांच्या निधनानंतर मारेन मॉरिससह काही गायकांनी तिथेच संसर्ग झाला का, अशी शंका जाहीरपणे विचारली. प्रवासाआधी, नॅशव्हिलला उतरल्यावर, कार्यक्रमाच्या दिवशी आणि परतल्यावरही त्यांच्या चाचण्या नकारात्मक होत्या, असे आयोजक आणि प्राइड यांच्या प्रतिनिधींनी म्हटले आहे. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर ज्या वर्षी ‘लेडी अँटेबेलम’ने गुलामगिरीच्या काळाची आठवण देणारे नाव टाकून ‘लेडी ए’ हे नाव घेतले, आणि मिकी गायटन कंट्री विभागात ग्रॅमी नामांकन मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका ठरली, त्याच वर्षाच्या अखेरीस हा प्रश्न उभा राहिला आहे. ८६ वर्षांच्या माणसाला त्या सभागृहात बोलवायला हवे होते का, याचे उत्तर चाचण्यांच्या निकालात मिळत नाही.

त्या रात्री जीवनगौरव स्वीकारण्याआधी ते ‘किस अ‍ॅन एंजल’ गायले, सोबतीला जिमी अ‍ॅलन हा तरुण कृष्णवर्णीय कंट्री गायक होता. हे त्यांचे अखेरचे जाहीर गायन. ते ऑनलाइन पाहता येते. मात्र त्यांचा ऐन भरातला आवाज ऐकायचा, तर फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमध्ये ध्वनिमुद्रित केलेला ‘इन पर्सन’ हा १९६९चा अल्बम शोधावा. त्यात हँक विल्यम्सचे ‘कॉ-लायजा’ आहे, आणि टेक्सासच्या श्रोत्यांच्या टाळ्याही आहेत. या वेळी त्या विरत नाहीत.