कापऱ्या हातांना जमणारी चित्रकला

हात कापतो म्हणून रांगोळी सोडली, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून भरतकाम सोडले, असे सांगणारे वृद्ध आमच्या खानदेशातील दवाखान्यांत नेहमी भेटतात. कंपावर औषध देता येते. सुटलेला छंद चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. अशांना मी अलीकडे संगणकावर फ्रॅक्टल चित्रे करून पाहण्यास सुचवतो.

ज्या आकृतीच्या लहानशा भागातही साऱ्या आकृतीचे रूप दिसते, ती फ्रॅक्टल. फुलकोबीचा एक तुरा मोडून पाहा, तो छोटा गड्डाच भासतो. नकाशावर तापी पाहावी. तिला मिळणाऱ्या गिरणा-पांझरा आणि त्यांना मिळणारे ओढे यांची ठेवण तीच. आपल्या फुप्फुसांतील श्वासनलिकाही अशाच फाटे फोडीत जातात, म्हणून तर एवढ्याशा छातीत श्वासासाठी विस्तीर्ण पृष्ठभाग मावतो. बेन्वा मांडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ मध्ये अशा आकृत्यांना हे नाव दिले.

चित्रामागील गणित सोपे आहे. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याला एक संख्या असते. शून्यापासून आरंभ करून वर्ग करावयाचा, त्यात ती संख्या मिळवायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती. उत्तर किती फेऱ्यांत हाताबाहेर जाते, त्यावरून त्या ठिपक्याचा रंग ठरतो. हे सारे संगणक करतो. कोठे शिरायचे, कोणती रंगसंगती ठेवायची आणि कोठे थांबायचे, हे मात्र माणसाने ठरवावे लागते. माझ्या मते कला तीच. रेघ सरळ यावी लागत नसल्यामुळे कापरा हात येथे आड येत नाही.

एक्स-ए-ओ-एस अशा अक्षरांनी लिहिली जाणारी ‘केऑस’ ही प्रणाली मोफत मिळते. माउसचे डावे बटण दाबून धरले की चित्रात आत शिरता येते, उजव्याने मागे येता येते. ‘पी’ हे अक्षर दाबले की रंग बदलतात. हात हलला तर वाट किंचित वळते, एवढेच. संगणकाच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग कमी करून घ्यावा.

पतीच्या निधनानंतर दुपार सरत नाही म्हणणाऱ्या माझ्या एक रुग्ण आता चित्रांना नावे ठेवतात : मोराचा पिसारा, केळीचा कोका. नातू शेजारी येऊन ‘हाई काय शे?’ विचारतो, याचे त्यांना अधिक अप्रूप. या छंदाने विस्मरणाचा आजार टळतो, असा दावा मी करणार नाही. दुपारची वाट पाहावीशी वाटणे हेही मला थोडे वाटत नाही.

पथ्ये मात्र हवीत. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर असेल तर डोळे आणखी कोरडे पडतात. झोत बाजूला वळवावा. दर वीस मिनिटांनी दूरवर पाहावे, तासाभराने उठून चार पावले चालावे. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांना हनुवटी वर करून पाहावे लागते आणि मान धरते. त्यांनी पडदा डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावा, शक्य तर संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. ज्यांना चक्कर, अर्धशिशी किंवा अपस्मार आहे, त्यांनी वेगाने आत धावणारी, लुकलुकणारी दृश्ये टाळून स्थिर चित्रच पाहावे. रात्री झोपण्यापूर्वी हा छंद नको. हाताचा कंप नव्याने सुरू झाला असेल तर आधी तपासणी करावी. थायरॉईडचा विकार किंवा दम्याचे एखादे औषधही त्याला कारण असू शकते.

घरच्यांना एक विनंती. आपल्याला घाई असते, म्हणून आपण त्यांच्या हातातून माउस काढून घेतो आणि ‘असं करायचं’ म्हणून दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्या संगणकापाशी फिरकत नाहीत. शेजारी बसावे, हात मात्र आपल्याच मांडीवर ठेवावेत. डावे बटण चुकीच्या जागी दाबले गेले तरी काही बिघडत नाही. उजवे दाबून धरले की चित्र मागे येते.