गिरणीवाल्यांचा समुद्र

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. त्यामुळे इंग्लंडमधलं ब्लॅकपूल मी पाहिलं ते गिरणीवाल्याच्या मुलीच्या नजरेनं. तिथला समुद्र मातकट, वारा बोचरा, जुलैतही अंगातला स्वेटर निघत नाही. तरी शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे माणसांचा पूर लोटत होता, तो लँकेशरच्या कापडगिरण्यांमुळे.

बोल्टन, ओल्डहॅम, बर्नली अशा एकेका गिरणीगावाचा उन्हाळ्यातला आपापला आठवडा ठरलेला असे. त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. त्या आठवड्यात गावातल्या झाडून सगळ्या गिरण्या बंद. बॉयलर साफ व्हायचे, यंत्रांची डागडुजी व्हायची आणि गावच्या गाव रेल्वेनं ब्लॅकपूल गाठायचं. भरपगारी सुट्टीचा कायदा १९३८ मध्ये आला. तोवर बहुतेकांची ही सुट्टी बिनपगारी. वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे क्लबात टाकायचे, तेव्हा कुठे समुद्र दिसायचा. उतरायचं घरगुती बोर्डिंगात. जुन्या काळी मटण-बटाटे पाहुण्यांनीच आणून द्यायचे, घरमालकीण ते शिजवून वाढणार, आणि टेबलावरच्या मीठ-मिरीचे पैसे वेगळे. या बायकांच्या चिक्कूपणावर तिकडे ढीगभर विनोद आहेत. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया मी जवळून पाहिल्या आहेत. मला त्या विनोदांवर हसू आलं नाही.

करमणूक मात्र भरघोस. १८९४ मध्ये खुला झालेला १५८ मीटरचा टॉवर, त्याच्या पायथ्याच्या इमारतीतला नाचाचा हॉल, समुद्रात घुसलेले तीन लांब धक्के आणि त्यांवरची थिएटरं. तिथले विनोदी नट बरेचसे लँकेशरच्याच मातीतले. साच्यांच्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नसे, म्हणून विणकर बायका ओठ ताणून, तोंडाचे मोठे आकार करून, आवाजाविना बोलत. रॉचडेलच्या नॉर्मन इव्हान्सनं हे बोलणं रंगमंचावर नेलं. बाईचा वेश, परसातल्या भिंतीवर रेललेलं अंग, शेजारणीशी उखाळ्यापाखाळ्या, आणि नाजूक विषय निघाला की आवाज गायब, नुसते ओठ. पुढे लेस डॉसननं टीव्हीवर तीच धाटणी चालवली. लंडनच्या माणसालाही ते मजेदार वाटत असेल. पण बर्नलीच्या विणकरणीला ते ओठ वाचता येत होते.

माझे वडीलही घरात समोरच्याच्या तोंडाकडे बघतच ऐकायचे. परळच्या दामोदर नाट्यगृहात ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक बघताना मच्छिंद्र कांबळी तोंड उघडायच्या आत ते हसू लागत. आजूबाजूला सगळे गाववाले. मालवणीतली कुठली शिवी रागाची आणि कुठली मायेची, हे त्यांतल्या कुणालाच समजावून सांगावं लागत नसे.

ब्लॅकपूलची रया गेली ती स्पेनच्या स्वस्त विमानसहलींमुळे, असं सांगतात. खरं आहे, पण अर्धंच. गिरण्या बंद पडत गेल्या आणि एका वेळी, एका गाडीनं सुट्टीवर निघणारं गाव मोडलं. टीव्हीनं नट घरात आणला. सोबत हसणारा शेजारी त्याला आणता आला नाही. आमच्याकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर तेच झालं. खोल्या विकून माणसं विरार-बदलापूरला पांगली.

ब्लॅकपूलच्या नगरपालिकेनं २०१० मध्ये टॉवर आणि विंटर गार्डन्स हे करमणुकीचं संकुल विकत घेतलं. टॉवरच्या हॉलात अजून वुर्लिट्झर ऑर्गन वाजतो. मी गेले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी कापडी पिशवीतून नाचाचे बूट काढले, पायातले पिशवीत ठेवले, पिशवी खुर्चीला अडकवली आणि थेट नाचायला उतरल्या. १९२२ पासूनचं आमचं दामोदर २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. तिथे नवं नाट्यगृह उभं राहील तेव्हा मालवणी नाटकाला, शक्ती-तुऱ्याला, दशावताराला तारखा राखून ठेवाव्यात, आणि तिकीट असं असावं की बदलापूरहून सहकुटुंब येणाऱ्याला परतीच्या लोकलचा हिशेब मांडत बसावं लागू नये.