आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत: एव्ही रिसीव्हर जोडताना मी काय शिकलो

एपिसोड ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये मोबाइलवर वाचायला वेळ आहे, असं बरेच जण सांगतात. त्यांच्यासाठी हा आजच्या गप्पांचा लेखी अवतार. आजचा विषय आहे होम थिएटरचा रिसीव्हर. विकत कुठला घ्यायचा ते आज नाही सांगणार. घरात आलेला डबा नीट जोडायचा कसा, त्यावर बोलू.

सुरुवात आमच्या घरापासून. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. हॉल असेल दहा बाय बाराचा. बाबांनी सातपूरला एका कारखान्यात मोठ्या आवाजाच्या मशीनवर तीस वर्षं काढली. आता पिक्चर लावला की ते म्हणतात, "आवाज वाढव." वाढवला की गाणी आणि मारामारी भिंती हलवतात, आणि बाबा पुन्हा विचारतात, "काय म्हणाला तो?" हळूहळू ते उठून जायला लागले. "तुम्ही बघा, मी पडतो जरा." हे मला लागलं. म्हणून एका मित्राकडून जुना ५.१ चा सेट घेतला: रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर.

आपल्याकडे डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतल्या भिंतीच डोळ्यांसमोर येतात. आईनंही आधी तेच विचारलं, "घरात डॉल्बी आणतोयस का?" तर नाही. ५.१ म्हणजे पाच दिशांचे पाच आवाज आणि खर्जासाठी एक वेगळा डबा. पुढे डावा, उजवा आणि मधला. मागे किंवा बाजूला दोन. यातला मधला, म्हणजे सेंटर, सगळ्यात महत्त्वाचा, कारण पिक्चरमधले बहुतेक संवाद तिथून येतात. माझी सगळी लढाई त्या एका स्पीकरसाठी होती.

आधी वायरी

पहिला नियम: रिसीव्हरचा प्लग बोर्डातून काढा, मगच वायरींना हात लावा. प्रत्येक स्पीकरला दोन टोकं असतात, लाल आणि काळं. रिसीव्हरच्या लालमधून निघालेली वायर स्पीकरच्या लाललाच गेली पाहिजे. उलटी लागली तर काही जळत नाही, पण एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग खर्ज पातळ होतो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

वायर सोलताना तांब्याचा एकही केस बाहेर राहू देऊ नका. तो शेजारच्या टोकाला चिकटला की शॉर्ट होतो आणि रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो. घरातल्या अंतराला १६ गेजची वायर पुरते. सबवूफरची गोष्ट वेगळी. त्याला स्वतःचा प्लग असतो आणि रिसीव्हरमधून फक्त एक गोल पिनची केबल जाते. आणि रिसीव्हर तापतो, त्यामुळे शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर वीतभर जागा मोकळी ठेवा.

मग टीव्ही

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात. त्यातल्या एकावर 'एआरसी' लिहिलेलं असतं. त्यातून निघालेली केबल रिसीव्हरच्या 'आउट'ला लावायची, तिथेही एआरसी लिहिलेलं असतं. याच एका केबलमधून टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे येतो. सोबत टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. बाबांच्या हातात दुसरा रिमोट द्यायचा नसेल तर हे हवंच.

मी कुठे फसलो

सगळं जोडलं, पिक्चर लावला, आणि संवाद पूर्वीसारखेच दबलेले! सेंटरला कान लावला, तर तो गप्प. वायर तपासली, ती ठीक. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये गेलो, तिथे 'पीसीएम' निवडलेलं होतं. म्हणजे टीव्ही ५.१ चा आवाज आधी दोन चॅनेलचा करून पाठवत होता. त्यात रिसीव्हर 'स्टिरिओ' मोडवर, मग सेंटर कशाला वाजेल? टीव्हीवर 'ऑटो' केलं, काही टीव्हींवर याला 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' म्हणतात. रिसीव्हरचा मोडही बदलला. तेव्हा सेंटर पहिल्यांदा बोलला.

आता सेटिंग

मापाची टेप घ्या. बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकर किती लांब आहे ते मोजून मेनूत भरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळपास एक मिलिसेकंद. जवळच्या स्पीकरला रिसीव्हर तेवढा थांबवतो, म्हणजे सगळे आवाज कानाशी एकदम पोचतात. रिसीव्हरसोबत छोटा माइक आला असेल तर हे काम तोच करतो. फक्त तो कानाच्या उंचीला ठेवा आणि पंखा बंद करा.

लहान स्पीकर असतील तर मेनूत 'स्मॉल' निवडा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो, लहान स्पीकरचं ओझं उतरतं. सेंटर टीव्हीखाली असेल तर त्याचं तोंड जरा वर, बसणाऱ्याच्या कानाकडे करा. मी त्याची पातळी तीन डेसिबलनं वाढवली. शेवटी 'नाइट मोड' चालू केला. तो धडामधूम दाबतो आणि हळू बोलणं वर आणतो.

बाबांचं नेमकं काय होत होतं, ते मला नंतर कळलं. वय आणि गोंगाट यांनी आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, फ, त ही व्यंजनं तिथेच असतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. सगळाच आवाज वाढवला की खर्ज वाढतो आणि शब्द आणखी बुडतात. पण रिसीव्हर म्हणजे कानाचं मशीन नव्हे. आम्ही बाबांची कानाची तपासणीही करून घेतली, तुमच्या घरी असं होत असेल तर तुम्हीही घ्या.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला तो मूकपट होता. मराठी बोलपट यायला १९३२ उजाडलं, 'अयोध्येचा राजा'. आमच्या घरातला पिक्चर बाबांसाठी पुन्हा मुका झाला होता.

परवा रात्री आम्ही चौघं पिक्चर बघत होतो. दहा वाजून गेले होते. बाबा म्हणाले, "आवाज कमी कर रे, शेजारी झोपले असतील." मी कमी केला. पिक्चर संपेपर्यंत ते उठले नाहीत.

आज घरी गेलात की टीव्हीचं ऑडिओ आउटपुट तेवढं उघडून बघा. 'पीसीएम' दिसलं आणि सेंटर गप्प असेल, तर तुमचं निम्मं काम तिथेच आहे. भेटू पुढच्या एपिसोडला!