परभणी केंद्राचा आवाज आणि पेटीतल्या कॅसेटी

वाचकहो, आपल्या घरात माळ्यावर, उतरंडीमागे किंवा जुन्या लोखंडी पेटीत एखादी कॅसेट पडलेली असेल. वर नावगाव काही नसेल. ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्याआधी हा मजकूर वाचावा, एवढी विनंती आहे.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तोवर आपण परभणीचेच. कचेरी असो, कृषी विद्यापीठ असो की रेडिओ, आपले तोंड परभणीकडे. आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८ साली सुरू झाले. त्याआधीच्या जुन्या माणसांना ठाऊक होता तो हैदराबादचा डेक्कन रेडिओ, निजामाच्या राज्यातला. १९५० साली तो आकाशवाणीत आला. पण त्यावर उर्दूचा भरणा. कळमनुरी-वसमतच्या कुणब्याला आपल्या बोलीतले आपल्या मातीचे बोलणे ऐकायला परभणीचीच वाट पाहावी लागली.

शेतकऱ्यासाठी रेडिओ ही कल्पना मात्र आपल्या महाराष्ट्रात त्याआधीच रुजली होती. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा त्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग आपसात चर्चा करायची आणि शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या. म्हणजे रेडिओ नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता. माझ्या मते विस्तारकार्याचा याहून चांगला धडा अजून कोणी घालून दिलेला नाही. पुढे ही रेडिओ मंडळे देशभर निघाली. तिकडे तंजावरच्या शेतकऱ्यांनी तर रेडिओवर ऐकून पेरलेल्या नव्या वाणाला सरळ ‘रेडिओ भात’ असेच नाव देऊन टाकले.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. एकाच गावात विद्यापीठ आणि रेडिओ केंद्र, ही मोठी सोय झाली. संकरित ज्वारी, नांदेड-४४ कापूस, पिवळ्या केवड्याला दाद न देणारी परभणी क्रांती भेंडी, ही नावे कित्येक आखाड्यांवर आधी कानाने पोचली, बियाण्याची पिशवी मागून आली. शास्त्रज्ञ कागदावर ‘प्रादुर्भाव’ लिहून आणायचे आणि समोर बसलेला माणूस विचारायचा, “म्हंजे कीड पडली म्हणावं का?” त्या एका प्रश्नात निम्मा विस्तार होऊन जाई. (आमच्या खात्याची परिपत्रके लिहिणाऱ्यांनाही असा कोणी विचारणारा मिळायला हवा होता.)

तो रेडिओ घरात कसा नांदला, ते आठवून पाहा. कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर देवळीत किंवा खुंटीला. परवान्याचे पैसे पोस्टात भरायचे, ते पुस्तक सातबाराच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवायचे. १३०५ किलोहर्ट्झवर परभणी लागे. काटा हलू नये म्हणून पोरे काचेवर खिळ्याने खूण करून ठेवीत. सेल उतरले की उन्हात घालायचे, म्हणजे दोन दिवस आणखी निघत. रात्री मध्यम लहरी आकाशातून परतून लांबवर जातात, म्हणून अंधार पडला की परभणीशेजारी भलतेच केंद्र घुसे आणि कापसाच्या फवारणीत कोण कुठले गाणे मिसळून जाई. बाजेवर पडलेले आजोबा म्हणत, “कान पिरगाळ त्याचा.” मग खरखर, शिट्टी आणि पुन्हा आपला माणूस.

आता मुद्द्याचे. यातले राहिले किती? ‘गीतरामायण’ राहिले. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून ते होत होते. छप्पन्न गीतांचा तो ठेवा नामवंतांचा होता, लोकांनी जपला. पण रोजचे बोलणे, गावोगावची भजनी मंडळे, भारुडे, शेतकऱ्यांच्या मुलाखती यांतले फार थोडे उरले. फीत महाग होती. कार्यक्रम होऊन गेला की त्याच फितीवर दुसरा घ्यायचा, ही ठिकठिकाणच्या केंद्रांवरची रीत. त्यात कोणाला दोष देऊ नये. पेरणी झाल्यावर तिफण दुसऱ्याला देतो तसेच ते.

म्हणूनच घरातल्या कॅसेटीला मोल आहे. सेनगाव तालुक्यातल्या एका घरी मी अशी कॅसेट ऐकली आहे. त्या घरची आजी एकदा रेडिओवर जात्यावरच्या ओव्या गायली होती, आणि थोरल्या मुलाने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्या भरून घेतल्या होत्या. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. ओव्यांच्या मधेच बैलाची घाटी वाजते, कोणीतरी पोराला दटावते, “गप रे, माय गायलीय.” दटावणारी बाई आता स्वतः आजी आहे. ती पदराचा बोळा तोंडाला लावून ऐकत होती. सुनेला तोवर सासूच्या सासूचा आवाज माहीतच नव्हता. त्या ओव्या दुसरीकडे कुठेही नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत मराठवाड्यातल्या बायांचे गळेही आहेत. पण प्रत्येक घरच्या जात्यापर्यंत कोण पोचणार?

तेव्हा कॅसेट सापडली तर घाई करू नका. आधी मागच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या चिपा मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका, फीत तुटते आणि मशीनही खराब होते, जाणकाराला दाखवा. कॅसेट उन्हात ठेवू नये, स्पीकरजवळही नको, कारण लोहचुंबकाने आवाज पुसतो. फीत सैल असेल तर दातेरी भोकात पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळा. नव्वद मिनिटांची फीत पातळ असते, तिला जास्त जपा. टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून मगच लावा, आणि पहिल्याच वेळी वायरने संगणकावर उतरवून घ्या. जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच याचा भरवसा नाही. मोबाइल नुसता समोर धरून भरले तर खोलीतला पंखाही भरला जातो. उतरवलेल्याची एक प्रत मुलीच्या सासरी, एक पुण्यातल्या भावाकडे, अशी वेगवेगळ्या घरी ठेवा.

आणि आवाज कोणाचा, गाव कोणते, साल अंदाजे कोणते, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून डबीतल्या कागदावर लिहा. शाईने नको, पेन्सिलीने. पावसाळ्यात शाई पसरते.