लिलावातलं घर: बोली लावण्याआधी

कर्जाचे हप्ते 90 दिवसांहून अधिक थकले की खातं अनुत्पादक ठरतं. मग 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँक 60 दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावता घर विकू शकते. सरकारी बँकांचे असे लिलाव ‘बँकनेट’ पोर्टलवर दिसतात.

जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ छापलेलं असेल तर थांबावं. आत बहुधा जुनं कुटुंब अजून राहत असतं आणि दुरुस्ती करून विकण्याचा सगळा हिशेब तिथेच कोलमडतो.

बोली लागली की 25 टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची. उरलेली 15 दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरच जास्त. चुकल्यास भरलेले पैसे जप्त होतात.

घर ‘जसे आहे, जेथे आहे’ मिळतं. कैक महिने बंद असलेल्या फ्लॅटमध्ये बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे निघालेले असतात, ओट्याखालचं प्लायवूड फुगलेलं असतं. म्हणून रंगाआधी वॉटरप्रूफिंग आणि वायरिंगचा खर्च धरावा. सोसायटीची थकबाकी सेक्रेटरीकडून लेखी घ्यावी. वीजबिलही तपासावं: जुन्या मालकाची थकबाकी नव्या खरेदीदाराकडून मागण्याचे वीज कंपन्यांचे नियम सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये वैध ठरवले.

24 महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पकालीन ठरतो आणि त्यावर नेहमीच्या उत्पन्नाच्या दराने कर लागतो.