स्कायलॅबचे लाडू
अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशातली प्रयोगशाळा पडणार, हे १९७९ साली परभणीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं पडणार, हे मात्र कुणालाच नाही. आमच्या वाड्यातल्या एका आजींनी तर "आता कुणासाठी ठेवू?" म्हणत लाडवांचा डबाच पोरांपुढं उघडला. ११ जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात अन् ऑस्ट्रेलियातल्या माळरानावर पडले. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, रेडिओवर. तोवर लाडू संपले होते.

त्यानंतरही अवकाश आमच्याकडं यायचं ते पेपरातून, शिळं होऊन. १९९७ च्या जुलैत पाथफाइंडर मंगळावर उतरलं, नासानं फोटो लगेच इंटरनेटवर टाकले. मी ते पाहिले काही वर्षांनी, बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत. फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उघडायचा. आधी तांबूस आभाळ, मग क्षितिज. दगड दिसेपर्यंत तासाचे पैसे संपत आलेले.

खरा पालट २०१६ नंतरचा, डेटा स्वस्त झाल्यावरचा. ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्री चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरताना पाहायला आमच्या घरातली पोरं मोबाईल धरून जागी होती. चंद्र दोनेक किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. शास्त्रज्ञांचे पडलेले चेहरे आम्हाला त्याच क्षणी दिसले. मला पुढच्या यशापेक्षाही ती रात्र मोठी वाटते. अपयश झाकायला कुणाला सवडच मिळाली नाही. मग चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या इंजिनिअरनं नासानं सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या फोटोंत विक्रमचा अवशेष हुडकला, आणि डिसेंबरात नासानं तो मान्य केला.

याच मोबाईलवर ऑगस्ट आला की '२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा होऊन दोन चंद्र दिसणार' हा मेसेजही येतो. २००३ साली मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, तेव्हापासून हे सुरू आहे. स्कायलॅबच्या अफवेत निदान लाडू तरी मिळाले होते.

२३ ऑगस्ट २०२३, चांद्रयान-३ चंद्रावर उतरायचा दिवस. पावसानं ताण दिलेला, सोयाबीननं माना टाकलेल्या. टपरीवर बिस्किटांच्या बरणीला टेकवलेल्या एका मोबाईलभोवती आम्ही सात-आठ जण. इस्रोचं यूट्यूब प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक पाहत होते. सहा वाजून चार मिनिटं झाली आणि नेमकं आमच्या पडद्यावर ते गोल फिरायला लागलं. तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या टीव्हीवर टाळ्या.

"उतरलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"गप रे, आपलं अजून वरच हाय," म्हणत टपरीवाला मोबाईल उंच धरून रेंज शोधत रस्त्यावर गेला.